परीक्षा मुलाची कीं आमची?

दर एक-दोन वर्षांनीं आमच्या प्राथमिक शाळांतील मुलांस वाचतां किती येतें व हिशेब किती येतो याचा एक अहवाल प्रसिद्ध होतो, आणि तो प्रसिद्ध झाला म्हणजे चार दिवस जिकडे तिकडे एकच हाकाटी उडते. सरकार पक्षाचे लोक चढलेला आंकडा पुढें करितात, विरुद्ध पक्षाचे लोक पडलेला आंकडा पुढें करितात. शिक्षक म्हणतात दोष आईबापांचा, आईबाप म्हणतात दोष शिक्षकांचा, आणि दोघे मिळून म्हणतात कीं दोष सरकारचा. पांचव्या दिवशीं दुसरा विषय निघतो व मुलें होतीं तेथेंच राहतात. या चार दिवसांच्या गलबल्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. गलबला शमल्यावर, थंड डोक्यानें, दोन प्रश्नांचा निकाल लावावा एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे. या परीक्षांनीं सिद्ध काय होतें, हा पहिला प्रश्न. आणि जें सिद्ध होतें त्यावरून कोणीं काय करावें, हा दुसरा.

प्रथमतः ही परीक्षा असते तरी कशी तें पाहूं. मुंबईंत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेनें २००५ सालीं 'असर' नांवाची पाहणी सुरू केली. तिची रीत इतकी साधी आहे कीं, ती पाहून आमच्या परीक्षा-पंडितांस लाज वाटावी. स्वयंसेवक खेड्यांत जातात, शाळेंत नव्हे तर घरोघर जातात, आणि एका वेळीं एकाच मुलास जवळ बसवून त्याच्या हातीं एक कागद देतात. कागदावर एका भागांत सुटीं अक्षरें, दुसऱ्यांत साधे शब्द, तिसऱ्यांत पहिलीच्या योग्यतेचीं कांहीं वाक्यें, व चौथ्यांत दुसरीच्या योग्यतेची एक लहानशी गोष्ट असते. गणिताच्या कागदावर अंकांची ओळख, हातचा घेऊन करावयाची दोन आंकडी वजाबाकी, व तीन आंकडी संख्येस एक आंकडी संख्येनें भागण्याचें उदाहरण, इतकेंच असतें. बैठक क्रमांक नाहीं, घंटा नाहीं, उत्तरपत्रिका नाहीं. मुलास काय येतें एवढेंच पाहावयाचें. तें कोणत्या इयत्तेंत आहे यावरून त्यास सोपा किंवा अवघड कागद द्यावयाचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणासही हीच परीक्षा आपल्या ओटीवर पाव घटकेंत घेतां येईल, आणि ती त्यांनीं घ्यावी असा आमचा आग्रह आहे. परंतु तें पुढें सांगूं.

२०२४ सालच्या पाहणींत ६०५ जिल्ह्यांतील १७,९९७ खेडीं व साडेसहा लाखांच्या सुमारास मुलें आलीं. तींत असें आढळलें कीं, सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीच्या योग्यतेचा मजकूर नीट वाचणारीं मुलें शेंकडा २३.४ होतीं. पांचवीच्या मुलांपैकीं तोच मजकूर वाचणारीं शेंकडा ४४.८ होतीं. सरकारी व खाजगी शाळा एकत्र धरिल्या तर तिसरींत हातच्याची वजाबाकी करणारीं शेंकडा ३३.७, व पांचवींत भागाकार करणारीं शेंकडा ३०.७. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. ही परीक्षा उंचीची नव्हे, उंबरठ्याची आहे. तिसरीच्या मुलानें तिसरीचा धडा वाचला कीं नाहीं असें येथें कोणी विचारीत नाहीं; मागच्या वर्षाचा धडा वाचतां येतो कीं नाहीं एवढेंच विचारितात. तेंही चारांतील तिघांस साधलें नाहीं.

या आंकड्यांत समाधानाची बाजू मुळींच नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. हाच सरकारी शाळांतील तिसरीचा आंकडा २०१८ सालीं २०.९ होता, करोनाच्या सांथींत शाळा दीर्घकाल बंद राहिल्यावर २०२२ सालीं तो १६.३ पर्यंत घसरला. आणि तेथून दोन वर्षांत तो २३.४ वर आला. म्हणजे जें गमावलें तें भरून काढून वर थोडें अधिक मिळविलें. यांत शिक्षकांचे श्रम आहेत, आणि मुलांस प्रारंभींच वाचन व अंकज्ञान पक्कें करून देण्याचा जो संकल्प केंद्र सरकारनें 'निपुण भारत' या नांवानें २०२१ सालीं सोडला त्याचाही त्यांत भाग असेल. ज्यांनीं हें केलें त्यांचे आभार मानावे. पण आभार मानून झाल्यावर उरलेल्या शेंकडा शहात्तरांचा हिशेबही मागावा. व्यापाऱ्याचें बुडीत खातें शंभरांत चौऱ्याऐंशींवरून शहात्तरांवर आलें म्हणून तो पेढे वांटीत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, ही खाजगी संस्थेची पाहणी, तीही खेड्यांची. तिजवर किती विसंबावें? बरें, सरकारनें स्वतः घेतलेली पाहणी पाहूं. ४ डिसेंबर २०२४ रोजीं 'परख' या नांवानें सर्व देशभर जी परीक्षा झाली तींत ७४,२२९ शाळांतील एकवीस लाखांवर मुलें बसलीं होतीं, आणि तींत शहरांच्याही शाळा होत्या. तिचें म्हणणें असें कीं, सहावीच्या मुलांपैकीं शेंकडा ५३ मुलांसच दहापर्यंतचे पाढे व त्यांवर चालणारीं बेरजा-गुणाकाराचीं उदाहरणें येतात. दोन साक्षीदार एकमेकांस न भेटतां, निरनिराळ्या रस्त्यांनीं येऊन एकच गोष्ट सांगूं लागले, म्हणजे ती गोष्ट खरी मानण्याचा न्यायाचा शिरस्ता आहे. तेव्हां पहिल्या प्रश्नाचा निकाल आम्ही असा देतों: आमच्या देशांतील बहुसंख्य मुलें शाळेंत जातात, पण त्यांतील फार मोठ्या भागास, शाळेंत पांच वर्षें बसूनही, वाचन व हिशेब हीं दोन हत्यारें हातीं लागत नाहींत.

हें केवळ आंकड्यांवरून बोलत नाहीं. गेल्या वर्षीं एका शहरांतील पालिकेच्या शाळेंत आम्हांस बोलावणें आलें होतें. चौथीच्या वर्गांत गुरुजींनीं एका मुलीस उभें केलें व पुस्तकांतील धडा वाचावयास सांगितला. मुलगी चुणचुणीत, तिनें पान उघडलें आणि न अडखळतां, योग्य ठिकाणीं थांबत, सर्व धडा म्हटला. आम्ही प्रसन्न झालों. तिला शाबासकी देण्याकरितां जवळ गेलों तों दिसलें कीं तिच्या हातांतील पान भलतेंच होतें. धडा तिला तोंडपाठ होता. आमच्या खिशांत त्या दिवसाचें वर्तमानपत्र होतें. त्यांतील मोठ्या अक्षरांचा एक मथळा तिच्यापुढें धरिला. तिनें पहिलें अक्षर ओळखलें, दुसरें ओळखलें, तिसऱ्यापाशीं जोडाक्षर आलें तेथें थांबली, आणि मग मान खालीं घालून उभी राहिली. गुरुजी ओशाळले. ते म्हणाले, "साहेब, पाहुणे येतात ते पुस्तकांतलेंच वाचावयास सांगतात." त्या वाक्यांत आमच्या शिक्षणपद्धतीचा सगळा इतिहास आहे असें आम्हांस वाटलें. ती मुलगी मंदबुद्धीची नव्हती. जिला सबंध धडा पाठ होतो तिला वाचतां येणार नाहीं असें कोण म्हणेल? जें तपासलें जातें तें तिनें शिकून घेतलें होतें. वाचतां येतें कीं नाहीं हें कोणीं तपासलेंच नव्हतें.

आतां दुसरा प्रश्न: उपाय काय? आमचे कित्येक मित्र याचें उत्तर एका वाक्यांत देतात. "परीक्षा काढून टाकल्या, नापास करणें बंद केलें, त्याचीं हीं फळें; पुन्हां नापास करूं लागा, म्हणजे मुलेंही वाचूं लागतील व मास्तरही शिकवूं लागतील." हें मत ओट्याओट्यांवर ऐकूं येतें, म्हणून त्याचा थोडा परामर्श घेणें अवश्य आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या सोळाव्या कलमानें आठवीपर्यंत मुलास मागें ठेवण्यास बंदी केली होती हें खरें. परंतु परीक्षा घेऊं नका असें त्या कायद्यानें कोठेंही म्हटलेलें नाहीं. उलट एकोणतिसाव्या कलमांत मुलाच्या ज्ञानाचें मूल्यमापन सतत व सर्व अंगांनीं करावें असें सांगितलें आहे. कायद्यानें सांगितलें कीं रोज तपासा. आम्ही त्याचा अर्थ केला कीं कधींच तपासूं नका. आणि आतां दोष मात्र कायद्याच्या माथीं मारतों. २०१९ सालीं कायदा दुरुस्त झाला व पांचवी आणि आठवी या इयत्तांत परीक्षा घेऊन, पुन्हां एक संधि देऊन, मुलास मागें ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. महाराष्ट्रानेंही २०२३ सालीं आपले नियम त्याप्रमाणें बदलले. ठीक आहे. पण वरचे आंकडे पुन्हां पाहा. मूल मागें पडतें तें तिसरींत, किंबहुना पहिलींत व दुसरींत. त्याची चौकशी पांचवीच्या अखेरीस करून त्यास शिक्षा सुनावणें म्हणजे चोरी झाली त्या रात्रीं झोपून राहून तीन वर्षांनीं ज्याचें गेलें त्यासच तुरुंगांत घालण्यासारखें आहे. आणि नापास करून तरी आपण काय करितों? ज्या वर्गांत, ज्या पुस्तकावरून, ज्या रीतीनें त्यास एकदां कळलें नाहीं, त्याच वर्गांत, त्याच पुस्तकावरून, त्याच रीतीनें दुसऱ्यांदा बसवितों. गरिबाच्या घरीं याचा परिणाम ठरलेला आहे: मुलगा कामास लागतो व मुलीचें शिक्षण थांबतें.

दुसरे कांहीं मित्र याहून अधिक कडक आहेत. ते म्हणतात, मुलास नको, मास्तरास शिक्षा करा. निकालावर पगारवाढ ठरवा, शाळांची क्रमवारी लावा, ज्यांचा आंकडा खालीं त्यांस जाब विचारा. व्यापारी वाचकांस हें मत सहज पटण्याजोगें आहे, म्हणून त्यांनीं पुढील इतिहास जरा सावकाश वाचावा. हा प्रयोग नवा नाहीं. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो या गृहस्थानें शाळांच्या अनुदानाचे नवे नियम केले. दर मुलामागें बारा शिलिंग मिळावयाचे. त्यांतील चार हजेरीबद्दल, व उरलेले आठ वाचन, लेखन व गणित या तीन विषयांच्या परीक्षेबद्दल. इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येई, मुलांस एकेक करून तपाशी, आणि जो ज्या विषयांत नापास त्याचे त्या विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापून घेई. परिणाम असा झाला कीं, मुलें इन्स्पेक्टरापुढें ठेवावयाचें पुस्तक पाठ करूं लागलीं, आणि जे विषय तपासले जात नसत ते शाळांतून पार मागें पडले. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवि स्वतः या खात्यांत इन्स्पेक्टर होता व त्यानें या पद्धतीवर वर्षानुवर्षें टीका केली. तरी ती समूळ जाण्यास एकोणिसाव्या शतकाचें शेवटचें दशक उजाडावें लागलें. आमच्या चौथीच्या मुलीचें भलतें पान आणि त्या इंग्रज मुलांचें पाठ पुस्तक यांत आम्हांस तरी कांहीं अंतर दिसत नाहीं.

हीच निकालावर अनुदान देण्याची पद्धति मुंबई इलाख्यांतही आली होती, आणि तिजविषयीं या प्रांतांतील एका पुरुषानें काय म्हटलें हें आम्हीं विसरतां कामा नये. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं, बारा वर्षें वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. आणि त्याबरोबरच असेंही सांगितलें कीं, ज्या गरीब व अज्ञ लोकांस विद्येची गोडी अद्यापि लागलेली नाहीं त्यांच्यांत शिक्षण पसरविण्यास ही निकालावर पैसे देण्याची रीत उपयोगी नाहीं. त्याचें कारण उघड आहे. ज्याच्या घरीं चार पिढ्या लेखणी चालली त्याचें मूल पास होणार. ज्याच्या घरीं नांगर किंवा झाडू चालला त्याच्या मुलावर दुप्पट मेहनत लागणार. मग पैसे निकालावर मिळत असतील तर शिक्षक कोणत्या मुलाकडे धांवेल? शिक्षा मास्तरास करावयास निघालेले आमचे मित्र ती पुन्हां मुलासच करून बसतात, आणि तीही सर्वांत दुबळ्या मुलास.

इतकें करून आंकडे तरी खरे मिळतात काय? अमेरिकेंत २००२ सालीं कायदा होऊन तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षीं वाचन व गणित या विषयांत परीक्षा सुरू झाली, आणि २०१४ पर्यंत सर्वच्या सर्व मुलें योग्य पायरीवर आणावीं असा दंडक घातला गेला. न आणल्यास शाळेवर एकाहून एक कडक इलाज. अटलांटा शहरांत २००९ सालच्या परीक्षेचे निकाल इतके उत्तम लागले कीं संशय आला. चौकशीचा अहवाल २०११ सालीं बाहेर पडला. ४४ शाळांत गैरप्रकार आढळले, व १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक त्यांत गुंतलेले निघाले. कित्येकांनीं मुलांचीं चुकलेलीं उत्तरें खोडून बरोबर उत्तरें भरलीं होतीं. २०१५ सालीं ११ जणांवर न्यायालयांत गुन्हा शाबीत झाला. त्याच साली तो कायदाही बदलला गेला. दूर कशास, मध्यप्रदेशांत 'प्रतिभा पर्व' नांवाच्या सरकारी परीक्षेचे आंकडे जेव्हां त्याच मुलांस पुन्हां तपासून पडताळले गेले, तेव्हां ते वस्तुस्थितीहून पुष्कळ फुगलेले निघाले. यांत नवल तें काय? गोदामांतील मालाची मोजदाद ज्या मुनिमानें करावयाची त्याचेंच बक्षीस मालाच्या आंकड्यावर ठेवा, आणि मग वर्षअखेर माल किती भरतो तें पाहा. आपल्या फिर्यादींत कोणीं आपणच न्यायाधीश होऊं नये हा न्यायाचा पहिला नियम आहे. तो कचेरींत लागू आणि शाळेंत गैरलागू असें कधींच होणार नाहीं.

तर मग परीक्षाच नको असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. तपासल्यावांचून मुलास काय येतें हें कळत नाहीं, आणि कळल्यावांचून शिकवितां येत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, परीक्षा दोन प्रकारची असते व आम्ही त्या दोहोंची खिचडी करितों. एक परीक्षा शिक्षकासाठीं: कोणतें मूल कोठें अडलें हें त्यास समजावें म्हणून. ती त्यानें स्वतः घ्यावी, वारंवार घ्यावी, तोंडी घ्यावी, आणि तिचा निकाल वर्गाच्या भिंतीबाहेर जाऊं नये; कारण तो बाहेर जाऊं लागला कीं खोटा होऊं लागतो. दुसरी परीक्षा राज्यासाठीं: जिल्ह्याची व प्रांताची खरी स्थिति समजावी म्हणून. ती थोड्या निवडक मुलांची पुरे. पण ती त्रयस्थ हातांनीं घ्यावी, आणि तिच्यावर कोणाची बढती वा बदली अवलंबून नसावी. पहिलीनें शिकवावें, दुसरीनें सांगावें. आमच्याकडे पहिलीचे आंकडे रकान्यांत भरून वर जातात व दुसरी झाल्यावर क्रमवारीच्या बातम्या छापून येतात. शिकविणारी परीक्षा मात्र कोठेंच होत नाहीं.

आणि तपासल्यानंतर काय करावें हेंही आतां अज्ञात राहिलेलें नाहीं. 'प्रथम' संस्थेनें व तिच्याबरोबर काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनीं अनेक राज्यांत वर्षानुवर्षें प्रयोग करून एक रीत सिद्ध केली आहे. दिवसांतून तास-दोन तास तिसरी, चौथी व पांचवीचीं मुलें इयत्तेप्रमाणें न बसवितां त्यांना काय येतें त्याप्रमाणें बसवावीं. अक्षरांपाशीं अडलेलीं एकीकडे, शब्दांपाशीं अडलेलीं दुसरीकडे. ज्यास जें येत नाहीं तेथून त्याचा धडा सुरू करावा, आणि तें पुढें सरकलें कीं त्यास पुढच्या घोळक्यांत न्यावें. यांत ना मोठी इमारत लागते, ना यंत्र लागतें. लागतें तें इतकेंच कीं, अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे हें भूत शिक्षकाच्या मानगुटीवरून उतरलें पाहिजे. आणि येथें कायद्याची गंमत पाहा. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या चोविसाव्या कलमांत शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत ठराविक मुदतींत सर्व अभ्यासक्रम पुरा करावा हें एक, आणि त्याच्या लगतच प्रत्येक मुलाची ग्रहणशक्ति तपासून जरूर तें अधिक शिक्षण त्यास द्यावें हें दुसरें. पहिल्या कर्तव्याचा जाब विचारणारे अधिकारी शेंकड्यांनीं आहेत. दुसऱ्याचा जाब विचारणारा आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. सत्ताविसाव्या कलमानें जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण यांखेरीज इतर कामांस शिक्षकांस जुंपूं नये असेंही सांगितलें आहे. तें कलम कितपत पाळलें जातें हें कोणत्याही शिक्षकास विचारावें.

आणखी एक गोष्ट आंकड्यांत दिसत नाहीं, पण ती सांगितल्यावांचून हा विचार पुरा होणार नाहीं. सातपुड्यांतील पावरी बोलणारें मूल, मेळघाटांतील कोरकू मूल, गडचिरोलीकडील गोंड मूल जेव्हां आमच्या शाळेंत येतें तेव्हां आमची मराठी ही त्यास परभाषाच असते. तें अक्षरें ओळखील, कदाचित् उताराही म्हणून दाखवील. पण ज्या शब्दाचा अर्थ घरांत कधीं ऐकला नाहीं तो वाचला काय आणि न वाचला काय! अशा मुलास 'मागें' म्हणण्यापूर्वीं आपण त्याच्याकडे एक पाऊल गेलों काय, हें आधीं पाहावें. आमच्या शहरांतील मराठी मुलास पहिल्या दिवसापासून इंग्रजींत बसविणाऱ्या आईबापांनींही हाच प्रश्न आपल्या मनास विचारण्यासारखा आहे.

कारण आतां आम्ही आमच्या वाचकांकडे वळतों. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं गांवांतील वकिलाचा, सावकाराचा, दुकानदाराचा मुलगा पालिकेच्या शाळेंत शेतमजुराच्या मुलाशेजारीं बसत असे. शाळा बिघडली तर दुकानदार दुसऱ्या दिवशीं हेडमास्तरापुढें उभा राही. आज आम्ही आमचीं मुलें काढून घेतलीं, आणि मुलांबरोबर आमचा जिव्हाळा व आमचा दराराही काढून घेतला. जीं मुलें मागें उरलीं त्यांच्या आईबापांचा शब्द कचेरींत चालत नाहीं. बरें, आम्हीं जेथें पैसे मोजून मुलें नेलीं तेथें तरी काय मिळालें? वर सांगितलेल्या पाहणींत सरकारी व खाजगी शाळा एकत्र धरिल्या तरी तिसरींत दुसरीचा उतारा वाचणारीं मुलें शेंकडा २७.१ च भरलीं. खाजगी शाळांतील मुलें सरकारीहून कांहींशीं पुढें आहेत. पण त्यांच्यांतीलही निम्मीं मुलें वाचत नाहींत हें या आंकड्यांवरूनच निघतें. आणि जी आघाडी दिसते तिच्यांतील किती शाळेची व किती घरांतील शिकलेल्या आईची, हा हिशेब निराळाच. पोषाख, बूट व बस पाहून आम्ही माल चांगला म्हणतों. नमुना फोडून पाहण्याची व्यापाऱ्याची संवय नेमकी येथेंच आम्ही विसरतों.

नामदार गोखले यांनीं १९११ सालीं कायदेकौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. पुढच्या वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेंटाळलें गेलें. त्या वेळीं वाद होता तो मुलांनीं शाळेंत जावें कीं नाहीं याचा. त्या वादाचा निकाल लागण्यास शंभर वर्षें गेलीं, पण तो लागला. २०२४ च्या पाहणींत सहा ते चौदा वर्षांच्या खेड्यांतील मुलांपैकीं शेंकडा ९८ हून अधिक मुलांचीं नांवें शाळेच्या पटावर होतीं. फुल्यांनीं मागितलें, गोखल्यांनीं मागितलें, तें दार उघडलें. पण ज्यासाठीं तें उघडावयाचें होतें तें मुलाच्या हातीं पडलें नाहीं तर दार उघडल्याचा उत्सव कोणीं व कशाबद्दल करावा? ज्यास वाचतां येत नाहीं त्यास कर्जरोख्यावरचा आंकडा दुसरा सांगेल, मजुरीचा हिशेब दुसरा करील, मत कोणास द्यावें हेंही दुसराच सांगेल. स्वराज्य मिळालें तें अशा परस्वाधीन माणसांच्या समुदायास नव्हे.

सबब आमची वाचकांस एकच विनंति आहे. कायदा बदलण्याची वाट पाहूं नका. कायद्यांत पुष्कळ आहे. एकविसाव्या कलमाप्रमाणें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुमच्या प्रभागांतील समितींत कोण आहे तें विचारा, आणि ती समिति भरते कीं नुसतीं सह्यांपुरती उरते तेंही विचारा. आणि त्याच्याही आधीं, या आठवड्यांत, आपल्या घरांतील, दुकानांत चहा आणणाऱ्या बाईच्या घरांतील, गल्लींतील एका मुलास पाव घटका जवळ बसवा. त्यास पुस्तक देऊं नका. हें वर्तमानपत्र द्या. चार ओळी वाचूं द्या. मग त्रेपन्नांतून सत्तावीस वजा करावयास सांगा. त्यास रागावूं नका, त्याच्या मास्तरासही रागावूं नका. तें जेथें अडेल ती जागा नीट पाहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीं ती जागा घेऊन शाळेंत जा. अशी एकेक जागा घेऊन एका गांवांतील शंभर शहाणीं माणसें शाळेच्या दारांत उभीं राहिलीं, तर पुढचा अहवाल निघेल तेव्हां हाकाटी करण्याचें कारण पडणार नाहीं. परीक्षा मुलांची झाली. त्यांत तीं चुकलीं असतील. आतां पाळी आमची आहे.